इंग्रजीतला हरवलेला तू

साठी उलटल्यावर सुलक्षणाबाईंनी इंग्रजीत एम.ए. करायला घेतलं, तेव्हा दिंडोशीच्या त्यांच्या वसाहतीत काही दिवस दुसरा विषयच नव्हता. "काय गं, विलायतेला जातेस की काय आता?" शेजारच्या राधाने विचारलं. "जाईन नाहीतर काय! तुझ्या पोटात का दुखतंय?" बाई म्हणाल्या. त्यांचं बोलणंच तसलं, फटकन. जन्मभर महापालिकेच्या शाळेत तिसरीची पोरं हाकली, घर ओढलं, पण इंग्रजी साहित्य वाचायची हौस काही जिरली नव्हती. आता दर रविवारी अंधेरीला अनुपमा मॅडमच्या वर्गात, लेकीपेक्षा लहान पोरापोरींमध्ये त्या ऐटीत पहिल्या बाकावर बसायच्या.

घरी आल्या की शिकलेलं सगळं नवऱ्याला सांगायच्या. आधी तलवारबहाद्दरांची जुनी काव्यं झाली. मग चर्चच्या दारातली देवाधर्माची नाटकं आली, थेट आपल्या दशावतारासारखी. मग प्रेमकविता, मग गिरण्यांच्या धुरातल्या कादंबऱ्या. "अहो, ऐकताय ना? त्यांच्याकडेसुद्धा गिरणी कामगारांचे असेच हाल होते बघा." गिरणी कामगाराचा मुलगा असलेले दत्ताराम खिडकीपाशी बसून नुसती मान हलवायचे. ऐकलं की नाही, देव जाणे.

पूर्वी हा माणूस असा नव्हता हो! वीज कंपनीतून निवृत्त झाल्यावरही खालच्या कट्ट्यावर त्यांचाच आवाज मोठा असायचा. पण मागच्या गणपतीनंतर त्यांचे घाटकोपरचे थोरले भाऊ अचानक गेले आणि दत्ताराम जे गप्प झाले ते झालेच. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. जेवायचे, झोपायचे, विचारलं तर "हं" म्हणायचे. श्रुतिका, त्यांची लेक, डॉक्टरकडे घेऊन गेली. तब्येत ठणठणीत निघाली. सुलक्षणाबाईंना मात्र मनातून धडकी भरली होती. हा माणूस आपल्या शेजारी बसल्या बसल्याच आपल्यापासून निघून चाललाय, आणि आपल्याला हात धरून थांबवता येत नाहीये, असं त्यांना वाटायचं. म्हणून तर ती साहित्याची बडबड चालली होती. कुठल्यातरी शतकात तरी हा माणूस तोंड उघडेल!

असंच एकदा मॅडमनी जुनी प्रेमकविता मराठीत करून आणायला सांगितली. कवितेत सगळीकडे 'थाऊ'. बाईंनी विचार केला, शब्द जुना आहे, भारदस्त आहे, म्हणजे मान देऊनच बोलत असणार. त्यांनी ठोकून दिलं, "हे प्रिये, आपण कधी येणार?" वर्गात वाचलं आणि हशा पिकला. "काकू, हा प्रियकर आहे की बँकेचा मॅनेजर?" मागच्या बाकावरचा केयूर म्हणाला. बाईसुद्धा खळखळून हसल्या. आपली वाट लागलीय हे कळायला काय एम.ए. व्हावं लागतं?

मॅडम हसू आवरत म्हणाल्या, "आधी तो उच्चार 'दाऊ' करा. आणि दाऊ म्हणजे आपला तू. साधा, घरातला तू. यू म्हणजे तुम्ही. पुढे त्या लोकांनी सगळ्यांनाच यू म्हणायला सुरुवात केली आणि तू मागे पडला. राहिला तो प्रार्थनेत, देवापुरता. अमेरिकन कादंबऱ्यांत तर नवरा-बायको, मालक-नोकर, सगळे यू."

"अगं बाई! म्हणजे त्यांच्यात तू म्हणायला कुणी उरलंच नाही?" बाई म्हणाल्या.

बसमध्ये त्यांना दुसरं काही सुचेना. श्रुतिका म्हणते, बाबा तुम्ही. जावई, सोसायटीतली पोरं, सगळे तुम्ही. आई-वडील कधीच गेले. कट्ट्यावरचे मित्र, तेही 'दत्तारामशेठ, या, बसा'वाले. एक भाऊच होते, घाटकोपरहून फोनवर ओरडायचे, "अरे दत्त्या, जेवलास काय रे?" आणि आपण? लग्न झाल्यापासून अहो! भांडतानासुद्धा अहो!

घरी येऊन त्यांनी चहा टाकला. कप हातात घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या आणि नव्या नवरीला फुटावा तसला घाम त्यांना फुटला. "चहा घे..." जीभ अडखळली. "...ता ना?" हात्तिच्या! दत्तारामांनी मान हलवली. बाई स्वतःवरच चिडल्या. इतकी शतकं वाचली आणि एक अक्षर निघत नाही म्हणजे काय? त्या सरळ त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"दत्ता," त्या म्हणाल्या, "तू चहा घे. गार होतोय बघ."

दत्तारामांनी वळून पाहिलं. बाईंना वाटलं, चिडले. मर्यादा सोडली आपण.

"काय म्हटलंस गो?"

"तू म्हटलं," बाई चाचरत म्हणाल्या. "आवडलं नसेल तर नाही म्हणणार परत."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. मग दत्तारामांचे खांदे हलायला लागले, आणि भाऊंच्या चितेपुढे कोरडा उभा राहिलेला तो माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. सुलक्षणाबाईंनी त्यांना रडू दिलं. त्यांच्याही पदराचं टोक ओलं झालं.

"माका वाटलां," दत्ताराम कसेबसे म्हणाले, "माका तू म्हणणारा आता कोणच उरूक नाय."

बाईंनी त्यांचे डोळे पुसले.

"मी आहे ना रे," त्या म्हणाल्या.