मोयनोकसाठी अंथरलेला नमदा

साल्किनचे नमदे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड बैठका, अख्ख्या खोऱ्यात नावाजलेले होते आणि तिची जीभ त्याहून जास्त. एकोणिसाव्या वर्षी ती अत-बाशीच्या या गावात सून म्हणून आली. पुढची चव्वेचाळीस वर्षं तिने लोकर झोडली, तिच्यावर गरम पाणी ओतलं, गुंडाळी करून ती पायांनी आणि कोपरांनी लाटली. तीन मुलं वाढवली, मोठी होऊन तिघंही शहराकडे गेली. नमदे मात्र गावातल्या घराघरांत अंथरलेले राहिले. तिच्या नमद्यावर कुणी बुटासकट पाय ठेवला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

तिथे कुत्र्याची काय कथा. गळ्याभोवती पांढऱ्या केसांचा पट्टा म्हणून त्याचं नाव मोयनोक. तीन महिन्यांचा असताना तो वाळत घातलेल्या ओल्या नमद्यावर जाऊन झोपला. साल्किनच्या हातात लोकर झोडायची छडी होती. तिने त्याला एकदाच मारलं, पण असं की पिल्लू दोन दिवस लंगडत होतं. त्यानंतर तेरा वर्षांत मोयनोकने नमद्यावर पंजा ठेवला नाही. अंगणात नमदा पसरलेला असला की तो लांबून वळसा घालून जायचा. साल्किन पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, "माझा कुत्रा तुमच्यापेक्षा शहाणा. त्याला सांगावं लागत नाही."

त्या वर्षी मे उजाडला तरी रात्रीची जमीन गोठत होती. एका सकाळी मेंढवाड्याच्या दारातल्या आपल्या नेहमीच्या जागेवरून मोयनोकला उठता येईना. पुढचे पाय उभे राहिले, मागचे राहिले नाहीत. साल्किनचा नवरा इमानकुल याने त्याला शेपटीच्या बुंध्याला धरून उभं केलं, तेव्हा तो चार पावलं चालला आणि बसला.

मेंढ्यांना टोचायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे मागचे पाय चाचपून पाहिले.

"सांधे झिजलेत, मावशी. गोळ्या देते, पण गोळ्यांनी तो तरुण होणार नाही. थंड, ओल्या जमिनीवर निजू देऊ नका. खाली जाड, मऊ काहीतरी घाला. रोज थोडं चालवा."

"जाड, मऊ म्हणजे काय घालू?"

"हे तुम्ही मला विचारताय?" डॉक्टरीणबाई हसल्या.

कुत्रा घरात घ्यायचा प्रश्नच नव्हता, ते कुणाच्याच घरात होत नाही. पण खरी अडचण पुढेच होती. तीन आठवड्यांनी कळप वरच्या कुरणांवर निघणार होता.

"त्याला गावात मागे ठेवला तर मोकाट कुत्री आठवडाभर जगू देणार नाहीत," इमानकुल म्हणाला. "आणि वर चार दिवसांची चढण आहे."

"शेजारच्या मामिर भावजींच्या ट्रकमधून नेऊ. सामान जातंच की."

"अगं, ट्रकात घातला तरी वर जाऊन उठायला नको? निघायच्या दिवशी जमलं नाही, तर मामिरलाच सांगतो. बंदूक त्याच्याकडे आहे, आणि त्याचा नेम चुकत नाही. कुजून मरण्यापेक्षा बरं." एवढं बोलून तो घोड्याला पाणी दाखवायला निघून गेला. घोडा नुकताच पाणी प्यायला होता.

साल्किनने त्याच दिवशी जाड करडा नमदा मेंढवाड्याच्या दारात अंथरला. मोयनोक सरपटत त्याच्या बाजूला, चिखलात जाऊन बसला. तिने वर गवत पसरलं, त्याने हुंगून तोंड फिरवलं. तिने नमद्याच्या मधोमध मेंढीचं हाड ठेवलं. त्याने मान ताणली, लाळ गळली, पण पंजा पुढे टाकला नाही. "ये म्हणते ना!" असं ती ओरडली तर आणखीच मागे सरला.

"जित्याची खोड," इमानकुल म्हणाला. "चांगली शिकवलीस."

"तुम्ही गप्प बसा."

शेवटी तो गाढ झोपलेला असताना तिने नमदा हळूच त्याच्या अंगाखाली सरकवला. पहाटे येऊन पाहते तो मोयनोक पुढच्या पंजांनी स्वतःला ओढत खाली उतरत होता. मागचे पाय फरफटत होते, नखांतून रक्त आलं होतं. ती दिसताच त्याने हनुवटी जमिनीला टेकवली, कान पाडले आणि शेपूट दोनदा आपटली. चूक तिची होती आणि माफी तो मागत होता. साल्किन तिथेच उकिडवी बसली आणि रडली. सासू गेली तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.

मग तिने जे केलं त्याला गावातल्या बायका आजही हसतात. तिने तो करडा नमदा उचलून मेंढवाड्याच्या आत टाकला. तीन रात्री अडीचशे मेंढ्या त्यावर निजल्या, मुतल्या, लेंड्या टाकून गेल्या. जिच्या नमद्यावर गवताचं कुसळ चालत नसे, ती रोज सकाळी काठीने तो उलटा करायची, म्हणजे दुसरी बाजूही घाण व्हावी. चौथ्या दिवशी उन्हात सुकवून तिने तो दारात घातला आणि स्वतः घरात जाऊन दार लावून घेतलं.

मोयनोकने तो बराच वेळ हुंगला. त्याला नमद्याचा वास आला नाही, मेंढरांचा आला. तो त्यावर चढला, तीन गिरक्या घेतल्या आणि बसला.

त्यानंतर तंबूला बांधायचा रुंद विणलेला पट्टा त्याच्या पोटाखालून घेऊन ती त्याला रोज ओढ्यापर्यंत चालवू लागली. मागचा भार ती उचलायची, पुढचं तो बघायचा. मामिर वाटेत भेटला की म्हणायचा, "वहिनी, कोण कुणाला फिरवतंय?"

"भावजी, तुमचे गुडघे गेले की पट्टा तुमच्या बायकोला देईन. ती फिरवते का बघा."

दोन आठवड्यांत मोयनोक आपला आपण उठू लागला.

निघायचा दिवस आला. मेंढपाळ कळप घेऊन पहाटेच पुढे गेले. मेंढ्यांचा आवाज ऐकून मोयनोक उठला, शंभरेक पावलं त्यांच्यामागे गेला आणि रस्त्यात बसला. इमानकुलने आणि मामिरने त्याला पट्ट्याने धरून ट्रकच्या फळीवरून वर चढवलं. ट्रकात तंबूच्या काठ्या कडेला आणि मधे सगळे नमदे घडी करून रचलेले होते. त्यांच्यावर सगळ्यात वर होता तो पांढराशुभ्र नमदा, नातीच्या लग्नाचा, दोन हिवाळे खपून केलेला.

मोयनोक फळीच्या टोकाला थांबला. समोरचा नमदा त्याने हुंगला. त्याने मान वळवली आणि खाली उतरायला लागला.

मामिर म्हणाला, "वहिनी, मी थांबेन, पण मेंढ्या थांबायच्या नाहीत."

इमानकुलने ट्रकच्या पुढच्या भागाकडे पाहिलं, जिथे मामिरची बंदूक होती. ते साल्किनला दिसलं.

तिने घाण, करडा नमदा ओढत आणला, वर चढली आणि तो त्या पांढऱ्या नमद्यावर पसरला. लेंड्यांचा चुरा पांढऱ्या लोकरीत घुसला. मोयनोकने हुंगलं. मग पुढचे दोन पंजे ठेवले. मागचं अंग इमानकुलने स्वतः खांदा लावून आत ढकललं.

"अगं, नातीच्या लग्नाचा नमदा आहे तो," इमानकुल खालूनच म्हणाला.

साल्किन कुत्र्याशेजारी मांडी घालून बसली.

"नमदे धुता येतात," ती म्हणाली. "भावजी, चला."