उंबऱ्याबाहेरच्या चपला

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त गौरव अंक निघतो आहे. त्यांची जुनी साहाय्यिका म्हणून माझा लेख हवा, असं समितीच्या सचिवांचं पत्र आलं. हजार शब्द, आणि 'सूर शक्यतो कृतज्ञतेचा असावा' अशी सूचना. मी फोन करून विचारलं, कृतज्ञता नसेल तर किती शब्द चालतील? ते म्हणाले, मग राहू द्या. मी राहू दिलं. हा लेख त्या अंकासाठी नाही, त्यामुळे त्यांची शब्दमर्यादाही मी पाळणार नाही.

सर म्हणजे सिनेमाचे दिग्दर्शक. 'वेगळ्या वाटेचे' हे विशेषण त्यांच्या नावाआधी इतकी वर्षं छापलं जातंय की ते त्यांचं पाळण्यातलं नाव वाटावं. त्यांचा पहिला सिनेमा परदेशात दोन महोत्सवांत दाखवला गेला आणि पुण्यात एका रविवारी सकाळी. नटनट्या त्यांना चालत नसत. नट खोटं बोलतो, साधा माणूस खरं बोलतो, हे त्यांचं लाडकं वाक्य. साध्या माणसाशी आपण स्वतः खोटं बोललो तर त्याला काय म्हणायचं, हे त्यांना कुठल्याच मुलाखतीत कुणी विचारलं नाही. मीही तेव्हा विचारलं नाही, कारण मी त्यांच्यावर लट्टू होते. नोकरी सोडून गेले होते त्यांच्याकडे.

नोकरी कॉम्प्युटर कंपनीतली होती. बाजार नुकता खुला झाला होता आणि पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. माझे वडील बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान इतकं लहान की तिसरं गिऱ्हाईक आलं तर पहिल्याला बाहेर पडावं लागे. आजूबाजूच्या दुकानांत आधी टेपरेकॉर्डर आले, मग केबलच्या वायरी, मग रिमोट, मग कीबोर्ड. बाबांनी काय ओळखायचं ते ओळखलं आणि मला क्लासला घातलं. मला नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी शेजारच्या दुकानदारांना स्वतः चहा नेऊन दिला. हे त्यांच्या स्वभावात अजिबात बसणारं नव्हतं. वर्षभराने मी सरांचा सिनेमा पाहिला, महिन्याभरात राजीनामा दिला, आणि बाबांनी माझ्याशी बोलणं बंद केलं.

भांडण झालं नाही. आमच्याकडे भांडत नाहीत. एका ताटाच्या अंतरावर बसून ते आईला म्हणत, "तिला विचार, भात वाढू का." आई मला विचारी. मी आईला सांगे. दीड वर्ष भात असा फिरून माझ्या ताटात येत होता.

सरांची कामाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. साधा माणूस कॅमेरा पाहिला की ताठ होतो. तो सैल पडेपर्यंत दोनतीन दिवस जातात, आणि तेवढी फिल्म वाया घालवणं परवडत नाही. म्हणून सर पहिले काही दिवस कॅमेऱ्यात फिल्मच घालत नसत. रिकामा कॅमेराही तसाच घरघरतो. समोरच्या माणसाला काही कळत नाही. तो लाजतो, अडखळतो, मग हळूहळू बोलू लागतो, आणि तो पुरता रुळला की मग फिल्म भरायची. ध्वनिमुद्रणाचं यंत्र त्या सरावाच्या दिवसांत नुसतं मांडून ठेवलेलं असायचं. आता फिल्म आहे की नाही, हे आम्हा पाचसहा जणांना तोंडाने सांगणार कसं? त्यासाठी सरांची एक खूण होती. कॅमेऱ्यात खरी फिल्म असली की ते चपला काढत. देवळात काढतो तशा, बाजूला नीट जुळवून. पायात चपला असल्या की समजायचं, सराव चालू आहे. आम्ही सगळे त्यांच्या पायांकडे बघून काम करायचो, आणि आम्हाला ते फार थोर वाटायचं.

माझं काम सातत्य सांभाळायचं. म्हणजे एका दिवशी पदर कुठल्या खांद्यावर होता, हातात काय होतं, ऊन कुठवर आलं होतं, हे वहीत टिपायचं, की दुसऱ्या दिवशी सगळं तसंच मांडता यावं. सरावाचा दिवस असला की समासात शून्य काढायचं. मी ही वही जिवापाड जपायचे.

तो सिनेमा हाताने काम करणाऱ्या माणसांवर होता, ज्यांचं काम हळूहळू उठत चाललं होतं अशांवर. सुरुवात नारायण पेठेतल्या एका हारवालीपासून झाली. पायरीवर टोपली घेऊन बसायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. दुसऱ्या दिवशी ती बोलती झाली. तिचा थोरला मुलगा खडकवासल्याला पोहायला गेला तो परत आला नव्हता. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, असं ती स्वतःच म्हणाली. हातातला हार न थांबवता तासभर बोलत होती, आणि मधूनमधून डोळे पुसत होती. मी तिच्या शेजारीच वही घेऊन बसले होते. सरांच्या पायात चपला होत्या. मी समासात शून्य काढलं आणि शेवटी तिचा हात दाबून म्हणाले, "मावशी, फार छान आलं." तिने विचारलं, कधी दिसेल? मी म्हणाले, लवकरच. तिसऱ्या दिवशी चपला निघाल्या, फिल्म भरली, आणि मावशी फक्त फुलांबद्दल बोलली. मुलाचं एकदा सांगून झालं होतं. पुन्हा सांगायची तिची तयारी नव्हती. सर वैतागले आणि म्हणाले, बाई संपली.

त्यानंतर सरांनीच बाबांचा विषय काढला. रेडिओवाला हवाच आहे आणि तुझे वडील आयते आहेत, असं ते म्हणाले. बाबा नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. आईमार्फत विचारलं. आईमार्फत उत्तर आलं, की दुकानाची वेळ नऊ ते एक, त्यात काय करायचं ते करा, गिऱ्हाईक अडवायचं नाही.

तीन दिवस काम झालं. दुकान एवढंसं, त्यामुळे आत बाबा, सर आणि कॅमेरामन, इतकेच मावायचे; ध्वनिमुद्रणाचं यंत्रही सरांनी स्वतःजवळच घेतलं होतं. मला सरांनी रस्त्यावर उभं केलं. येणाऱ्याजाणाऱ्या स्कूटरवाल्यांना हात जोडून हॉर्न वाजवू नका म्हणायचं. बुधवार पेठेत हे सांगणं म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. एकाने मला विचारलं, "रस्ता तुमच्या तीर्थरूपांचा का?" मी म्हणाले, दुकान त्यांचं आहे.

पहिल्याच दिवशी मी उंबऱ्याबाहेर पाहिलं, तर सरांच्या चपला काढून ठेवलेल्या. शेजारी शेजारी, जुळवून. मला भरून आलं. मावशीला सराव करावा लागला, बाकीच्यांनाही लागला, पण माझ्या वडिलांसाठी सरांनी पहिल्या दिवसापासून खरी फिल्म घातली होती. माझे बाबा इतके सहज, इतके खरे. दुसऱ्या दिवशीही चपला बाहेर. तिसऱ्या दिवशीही. मी तिन्ही दिवस वहीत शून्य काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी आतून बाबांचा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. बराच वेळ बोलत होते. आयुष्यात मी त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. मी जास्तच जोर लावून स्कूटरवाल्यांना थोपवत राहिले. काम आटोपल्यावर सर बाहेर आले, चपला घातल्या आणि निघून गेले. बाबा काउंटर पुसत होते. माझ्याकडे न बघता, पण मला उद्देशून, दीड वर्षात पहिल्यांदा ते थेट बोलले.

"तुझ्याबद्दल विचारलं त्यांनी. जे सांगायचं ते त्यात सांगितलंय. सिनेमा लागेल तेव्हा बघ."

काय सांगितलं, असं मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मला वाटलं, फिल्मवर आहे, कुठे जातंय?

सरांचा दुसरा नियम असा, की सगळं शूटिंग संपेपर्यंत काढलेलं काही बघायचं नाही. त्यात त्यांना परदेशातल्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं आणि काम दोन महिने थांबलं. त्या दोन महिन्यांत बाबा गेले. दुकानातच, एका सकाळी, छातीत दुखतंय म्हणाले आणि स्टुलावरून उठलेच नाहीत. मधल्या काळात ते माझ्याशी थोडंफार बोलू लागले होते. दूध आणलंस का, दार लावून घे, इतकंच. मी दिवस मोजत होते, शूटिंग कधी संपतंय आणि मी संकलनाच्या टेबलावर कधी बसतेय. रडायचंही मी तेव्हासाठी राखून ठेवलं होतं म्हणा ना.

शूटिंग सहा महिन्यांनी संपलं. रिळांचे डबे आले. मी माझी वही घेऊन एकेक डबा लावायला बसले आणि बाबांचे डबे निघेनात. दोनदा सगळं तपासलं. मग सरांना विचारलं.

ते चहा पीत होते. म्हणाले, "ते तीन दिवस सरावाचे होते ना. चौथ्या दिवशी खरं घेणार होतो. मग मी बाहेर गेलो, आणि मग ते राहिलंच."

मी म्हणाले, तुमच्या चपला बाहेर होत्या. मी तिन्ही दिवस पाहिल्या आहेत.

"अगं, त्यांनीच काढायला लावल्या," सर म्हणाले. "पाटी नव्हती का तिथे?"

पाटी होती. 'चपला बाहेर काढून आत यावे. सांगायला लावू नये.' बाबांनी स्वतः रंगवलेली, माझ्या जन्माच्याही आधीपासूनची. जमिनीवर पडलेले बारीक स्क्रू चपलांना चिकटून जातात म्हणून. शाळेत असल्यापासून मी त्या उंबऱ्याशी चपला काढत आले होते. शूटिंगच्या तिन्ही सकाळी चावी द्यायला आत गेले तेव्हा मीही अनवाणीच गेले होते. पण सरांच्या पायांकडे बघायची इतकी सवय लागली होती, की माझ्या बापाची पाटी मला दिसली नाही.

मग मी तो प्रश्न विचारला. "सर, काय म्हणाले होते ते माझ्याबद्दल? तुम्ही समोरच होतात."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, हे मी नाकारणार नाही. कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाले, "नाही गं आठवत. मी फ्रेम बघत होतो. त्यांच्या हातावर ऊन फार सुंदर आलं होतं."

कॅमेरामनला गाठलं. तो म्हणाला, तुझं नाव घेतलं होतं बहुतेक. बहुतेक.

मी त्या दिवशी सरांचं काम सोडलं. सिनेमा पूर्ण झाला, त्याला बक्षीस मिळालं, आणि 'माणसाचं अंतरंग टिपणारा कॅमेरा' असं परीक्षकांनी म्हटलं. पुढे हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा खोट्याचा तिटकारा असलेल्या सरांनी एका कंपनीसाठी माहितीपट केला. त्यात कर्मचारी हसत हसत जिने उतरतात. मीही अखेर कॉम्प्युटरकडेच परतले, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या नोकरीवर, आणि त्यात बरी निघाले. बाबा असते तर आईमार्फत काहीतरी बोलले असते.

इतकी वर्षं मी सरांना शिव्या देत आले. माणूस समोर काळीज उघडं करतो आणि हा त्याच्या हातावरचं ऊन बघतो. असल्या माणसाला सत्काराची शाल देण्यापेक्षा त्याच्या डोळ्यांवर ती बांधावी, असं माझं मत होतं. आजही आहे. पण मागच्या आठवड्यात एक फोन आला आणि माझी जरा पंचाईत झाली.

सत्काराची बातमी वाचून एका मुलीने समितीकडून माझा नंबर मिळवला होता. ती हारवाल्या मावशींची नात. आयटीत आहे, बाणेरला राहते. म्हणाली, "मॅम, आजी लास्ट इयर गेली. ती नेहमी सांगायची की काकांबद्दल ती फक्त एकदाच बोलली, तुमच्या शूटिंगला. आम्ही विचारलं तर म्हणायची, पिक्चरमध्ये आहे, तिकडे बघा. तो पिक्चर मी नेटवर पाहिला. त्यात फक्त फुलांचंच आहे. बाकीचं कुठे मिळेल?"

मी तिला खरं सांगितलं. कॅमेरा रिकामा होता, हे मला माहीत होतं, आणि तरीही मी तिच्या आजीला छान आलं म्हणाले, हेही सांगितलं. मला वाटलं, आता फोन ठेवेल. तिने ठेवला नाही.

"पण मॅम, तुम्ही तिथेच होतात ना. काय म्हणाली ती?"

मी तिला थांबायला सांगून माळ्यावरच्या ट्रंकेतून वही काढली. ते पान लगेच सापडलं. समासात शून्य. खाली माझं नीटनेटकं अक्षर. मी फोनवर तिला वाचून दाखवलं. पदर उजव्या खांद्यावर. हिरव्या बांगड्या, डाव्या हातात सात, उजव्या हातात सहा. टोपलीत झेंडू निम्मा. हाराचा दोरा गुडघ्यावरून. ऊन दुसऱ्या पायरीपर्यंत. डोळे पुसते, डाव्या हाताने, चारदा.

"आणि?" तिने विचारलं.

मी पान उलटलं. पुढचा दिवस सुरू झाला होता.