ट्राउट, थर्मामीटर आणि सतीशचे बाबा

क्रीकवर, म्हणजे ओढ्यावर, जाणाऱ्यांकडे मासे जमतात म्हणे. आमच्याकडे नुसते किस्से जमले, ढिगाने! आम्ही तिघे अमेरिकेतल्या नोव्हाय गावचे, गाड्यांच्या कंपन्यांत नोकरी करणारे: पुण्याचा केळकर, मालवणचा सतीश आणि नागपूरचा मी. तीन उन्हाळे दर शनिवारी ट्राउट धरायला जातोय. मी टाइमपाससाठी, केळकर डेटासाठी. प्रश्न फक्त सतीशचा. त्याचे बाबा मालवणचे जुने मासेमार, यंदा महिनाभर इकडे आलेले. ‘माझो झील अमेरिकेत मासे धरता’ असं ते अख्ख्या गावाला सांगून आले होते. त्यांच्या झिलाने आजवर एक झुडूप आणि केळकरची टोपी धरली होती. बाबा परत जायच्या आत एक तरी ट्राउट धरायचा, एवढंच त्याचं म्हणणं.

*

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा, पाणी तापलं की त्याचा जीव कासावीस होतो. तेव्हा गळाने धरून परत सोडला तरी बिचारा मरतो. म्हणून पाणी अडुसष्ट डिग्री फॅरनहाइटच्या वर गेलं की रॉड खाली. नियम चांगलाच आहे, पण तो केळकरच्या हाती पडला! केळकर क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये आहे. पहिल्याच शनिवारी दोन तास ड्राइव्ह करून पोचलो. त्याने थर्मामीटर बुडवला, चष्मा वर केला आणि म्हणाला, “अडुसष्ट पॉइंट चार. रिजेक्ट!”

थालीपीठं खाऊन परत आलो.

*

कपडे भिजू नयेत म्हणून सतीशने छातीपर्यंत येणारे रबरी वेडर्स घेतले. भर जुलैत! दोन तासांनी काढले, तर आतून धो धो पाणी.

“लीक आहे यार, रिटर्न कर,” मी म्हणालो.

“लीक नाय रे, घाम आसा!”

*

एकदा मासेमारीचं लायसन्स तपासायला ऑफिसर आला. काय मिळालं, त्याने विचारलं. केळकरने अभिमानाने फोनवर एक्सेल उघडलं: तीन उन्हाळ्यांची टेंपरेचर्स, ग्राफसकट. ऑफिसरने बराच वेळ पाहिलं.

“सर,” तो शेवटी म्हणाला, “याला लायसन्स लागत नाही.”

*

सतीशची सहा वर्षांची रिया हेच ऐकत मोठी होतेय. एका शनिवारी निघताना तिने त्याला मिठी मारली आणि हळूच विचारलं, “डॅडी, ट्राउट इज रिअल, राइट?”

बाबा शेजारीच चहा पीत होते. त्यांना इंग्रजी कळत नाही, पण मुलाचं तोंड कळतं. हसायला मी पहिला असतो, पण त्या दिवशी मलाही वाईट वाटलं.

*

बाबांच्या परतीच्या आधीचा शेवटचा शनिवार. तेही बरोबर आले. सकाळी आठलाच ऊन रणरणत होतं. केळकरने थर्मामीटर काढला. “सत्तर.” सतीश मटकन दगडावर बसला.

बाबा मात्र लेंगा गुडघ्यापर्यंत ओढून अनवाणीच पाण्यात उतरले. पायाने चाचपडत वळणापर्यंत गेले आणि थांबले.

“हंयसर थंड आसा!”

आम्ही धावलो. काठातून झरा येत होता. केळकरने मोजलं, एकसष्ट! आणि त्या गार पाण्यात आठ-दहा ट्राउट एकमेकांना खेटून, अगदी दोन हातांवर.

तीन वर्षांत पहिल्यांदाच केळकर ओरडला, “पास! टाक लवकर!”

सतीशने रॉड उचलला. बाबांनी तो मधेच धरला.

“उन्हान जीव जाता म्हणान हंयसर इलेत ते. ठेव ती काठी.”

सतीशने काठी ठेवली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मालवणहून आईचा. बाबांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

“गावलो गो, गावलो! हातभर होतो!” बाबा ओरडून सांगत होते. “फोटो? फोटो खयचो? सतीशचो फोन पाण्यात पडलो!”