तोंडात तंगूस असताना

आमच्या घरची मासेमारी गळांवर चालते. एक लांब दोरी, तिला हातहातभर अंतरावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा पातळ धागा, आणि त्या प्रत्येक तंगुसाच्या टोकाला गळ. नवरा ही दोरी खाडीत सोडतो आणि ओहोटीला काढतो. शिंगाळे लागतात, नशीब असेल तर जिताडा. गळ गंजतात, तुटतात, दगडात अडकून राहतात, म्हणून नवे गळ बांधायचं काम कधी संपत नाही. ते काम माझं.

गळ हाताने बांधायचा म्हणतात, पण त्याला नुसते हात पुरत नाहीत. तंगुसाचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळायचं. गळ डाव्या चिमटीत धरायचा, उजव्या हाताने त्याच्या दांडीवर वेढे घ्यायचे आणि दुसरं टोक दातांत पकडायचं. वेढे नीट बसले की थुंकी लावायची आणि पाय, हात, दात यांनी आपापल्या बाजूला ओढायचं. कोरडी गाठ ओढली तर तंगूस घासून कमजोर होतो. उरलेलं शेपूट दातानेच तोडायचं. असं बसलेली बाई काही फार शोभून दिसत नाही. कोणी परकं आलं की मी पाय झाकून घ्यायची, पण तंगूस तोंडातून काढायची नाही. तोंडात तंगूस असला की बोलावं लागत नाही.

बोलायचं म्हटलं की माझ्या घशात काटा अडकतो. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथे हजेरीलासुद्धा माझ्या वतीने शेजारची मुलगीच हजर म्हणायची. लग्न होऊन इथे आले आणि सासूने गळ बांधायला शिकवलं तेव्हा मला वाटलं, सुटले. लिहितानाही बोलावं लागत नाही, म्हणून हे लिहितेय. कुणाला दाखवायचं नाही.

माझी थोरली जाऊ अगदी माझ्या उलट. आमची दोघींची घरं एकाच ओट्यावर. तिचे यजमान गेल्यापासून ती घरात एकटीच असते, मुलगा आणि सून विचुंब्याला नव्या बिल्डिंगीत राहतात. दुपारची भांडी आटपली की आम्ही दोघी ओट्यावर बसतो. ती जवळा, म्हणजे बारीक सुकी कोलंबी, निवडते, मी गळ बांधते. तिची बोटं सुपात आणि तोंड गावभर. कोणाची सून रुसली, कोणाच्या सुक्या बांगड्यात वाळू निघाली, सगळं मला बसल्या जागी कळतं. मी दातांतला तंगूस न सोडता "हं" करते. लांब हं केलं की अरेरे. तुटक हं केलं की हो का. नाकातून हं केलं की माझा विश्वास नाही. एवढ्यावर माझं छान चाललं होतं.

मग पुढचा दात दुखायला लागला. लेक मला नवीन पनवेलला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी आरसा घालून बघितलं आणि म्हणाल्या, "दाताला खाच पडलीय. शिवणकाम करता का? दाताने दोरा तोडता?"

माझ्या तोंडात आरसा होता, त्यामुळे माझी काही अडचण नव्हती. लेकच म्हणाली, "नाही मॅडम, ती दातांनी मासे धरते."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण पुढच्या दातात काही धरायचं नाही असं बजावून सांगितलं. लेकीने रस्त्यातच मोबाईलवर काहीतरी शोधलं आणि पुढच्या आठवड्यात एक लहानसा खोका घरी आला. आत पेनाएवढी कांडी. टोकाला चिमटा, बाजूला खाच. चिमट्यात गळ धरायचा, तंगूस खाचेतून घ्यायचा, कांडी बोटांत फिरवायची आणि खटका सरकवला की सगळे वेढे गळावर उतरतात. पाय नको, दात नको.

जावेने ती कांडी उलटसुलट करून पाहिली. "ह्यो पेन हाय का कानकोरणं?"

नवऱ्याने तर परीक्षाच घेतली. कांडीने बांधलेला पहिला गळ ओट्याच्या खांबाला अडकवला आणि तंगूस हाताला गुंडाळून ओढला. गाठ सरकन सुटली आणि तो मागच्या मागे जवळ्याच्या सुपात बसला.

"बघ!" जवळा झटकत तो म्हणाला, जणू त्याने हे मुद्दामच केलं होतं. "थुंकी नाय लागली. मशीनला कुठनं येणार थुंकी?"

त्याचं खरं होतं, मी गाठ ओली करायला विसरले होते. मग वाटीत पाणी घेऊन बसले. पुढचे गळ सुटले नाहीत. तरी त्या हप्त्यात जिताडा लागला तेव्हा तो सगळ्यांना सांगत फिरला की तो गळ जुन्यातला होता, हाताने बांधलेला.

गाठीचं असं निभावलं. माझ्या तोंडाचं काय करायचं ते कळेना. कांडी फिरते आहे, बोटं कामात आहेत आणि तोंड नुसतंच रिकामं. मी नेहमीसारखं "हं" केलं तर जावेने सूप खाली ठेवलं.

"काय गो, आज रागावलीस?"

तंगूस नसला की तेच हं उद्धट वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी नाही अशी मान हलवली. तिला हायसं वाटलं आणि ती पुढचं बोलू लागली, "गणपती झालं की मी चालले विचुंब्याला. कायमची. पोराने खोली तयार केलीय, लिफ्ट पन हाय."

"कधी ठरलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुलाच इचारून तं ठरवलं! शिमग्याच्या आधी. इथंच बसली होतीस. म्हटलं, जाऊ का गो पोराकडं? तू म्हटलंस, हं. लांब हं पन नाय, चांगलं ठाम हं."

मला काहीही आठवेना. ते हं बहुतेक एखाद्या चिवट गाठीसाठी केलेलं असणार. तिने मात्र ते मनावर घेऊन मुलाला होकार दिला होता. आता ती जाणार, ओट्यावर मी, वाटी आणि कांडी एवढेच उरणार.

त्यानंतर रोज दुपारी मी मनात वाक्य जुळवायची. जाऊबाय, जाऊ नका. एवढंच होतं. पण ते ओठांपर्यंत यायचं आणि जाऊ म्हणायची, "कांडी फिरव ना, थांबलीस काय?" मी फिरवायची. शेवटी एकदा धीर सुटला आणि कांडी बाजूला ठेवून मी गुपचूप तंगूस दातांत धरला. जावेने तो ओढून काढला.

"डॉक्टरीन काय बोलली?"

एका रविवारी पुतण्या आला, आईची पेटी आणि कपाट गाडीत मावेल का बघायला. तो मोजायची टेप घेऊन तिच्या घरात शिरला. मी ओट्यावर गळ बांधत होते, शेजारी जाऊ जवळा निवडत होती आणि आतून टेपचा सर्रकन आवाज येत होता. बाहेर येऊन तो सहज म्हणाला, "काकी, तुम्हाला करमणार नाही. पण तुम्हीच होकार दिलात ना?"

"ते हं माझं नव्हतं," मी म्हणाले. कांडी हातातून पडली, पण मी थांबले नाही. "ते तंगुसाचं होतं. तोंडात तंगूस होता, गाठ ओढत होते. मला कोणी नीट विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. त्यांना नेऊ नको. त्या नसल्या तर मी ऐकू कुणाचं?"

पुतण्याच्या हातातली टेप आपोआप गुंडाळली गेली. "काकी, तुम्ही एवढं बोलता?"

जावेकडे बघायची माझी हिंमत नव्हती. बराच वेळ काही आवाज आला नाही आणि मी घाबरले, कारण तिचं गप्प बसणं मी कधी ऐकलंच नव्हतं. मग ती एकदम मोठ्याने हसली.

"म्हंजे मी एवढी वर्षं तंगुसाशी बोलत होते?" डोळे पुसून ती मुलाकडे वळली. "खोली राहू दे तयार. पुढच्या पावसात येईन मी, जवळा वाळत नाय तेव्हा. आता हिला बोलायला शिकवायचंय, तं मी कुठं जाऊ?"

शिकवणं राहिलंच. ती कांडी आता जाऊच पळवते. जवळ्यापेक्षा तिला त्यात गंमत वाटते. पण वेढे मोजताना तिला बोलता येत नाही, ओठ हलवत एक, दोन, तीन करावं लागतं. मग नाइलाजाने मी बोलते. काल मी तिला लेकीसाठी आलेल्या स्थळाबद्दल सांगत होते. मुलगा कसा वाटतो, म्हणून विचारलं.

"हं," ती म्हणाली.

मी तिच्या हातातली कांडी काढून घेतली. "जाऊबाय, हे हं कुणाचं?"

"आन ती इकडं," ती ओरडली. "आता परत पहिल्यापासनं मोजायला लागेल."