कमलाबाईंचे अकरा हजार किलोमीटर

दिल्लीतल्या द्वारकेच्या कमलाबाई मेश्रामांना काही समजावायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. लेक समता व्हँकुव्हरहून महिनाभर कानीकपाळी ओरडत होती, "आई, पहिलं बाळंतपण आहे, लवकर ये गं." पण सोसायटीतली बाबासाहेबांची जयंती टाकून जातील त्या कमलाबाई कसल्या! खीर कोण करणार, पोरांची भाषणं कोण बसवणार? "डॉक्टरच्या तारखेला अजून तीन आठवडे आहेत," त्या म्हणाल्या. "आणि विमानाला वेळ तो कितीसा? नागपूरला जाताना डबा उघडून मिटेस्तोवर उतरायची वेळ होते!" जयंतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेचं तिकीट त्यांनी हट्टानं काढायला लावलं.

विमानात बसून पट्टा लावतात न लावतात तोच जावई सुगतचा फोन. "आई, समताला कळा सुरू झाल्यात. बीपी खूप वाढलंय. ॲडमिट करतोय." पुढचं ऐकायच्या आत फोन बंद करायची सूचना झाली आणि दारं लागली.

समोरच्या पडद्यावर आकडे आले. अकरा हजार किलोमीटर, चौदा तास. चौदा तास! एवढ्यात तिकडे काय काय होईल? पुढचा विचार त्यांनी मनातसुद्धा येऊ दिला नाही. त्या विमानात इंटरनेटही नव्हतं, म्हणजे कळायचा मार्गच खुंटला.

जेवण आलं तसंच परत गेलं. शेजारी जालंधरच्या एक सरदारनी होत्या. "बहनजी, कुछ तो खा लो." "बेटी अस्पताल में है," एवढंच कमलाबाई बोलल्या आणि डोळ्यांना धार लागली. सरदारनींनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. कमलाबाई मनातल्या मनात त्रिसरण म्हणायला लागायच्या, अर्ध्यावर यायच्या आणि नजर पुन्हा पडद्याकडे. नकाशावरचं ते मेलं चिमुकलं विमान जागचं हलायला तयार नव्हतं. नागपूरच्या हिशेबानं जग मोजायला गेलीस ना, भोग आता! त्यांनी स्वतःलाच फटकारलं.

उतरल्यावर फोन सुरू केला तर सिमच चालेना. सरदारनींनी आपला फोन पुढे केला. रिंग जात राहिली, जात राहिली. मग कुणीतरी उचलला. आवाज खोल गेलेला, पण समताचाच.

"बाई गं! कशी आहेस तू?"

"बरी आहे. ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, छान आहे."

कमलाबाई तिथेच मटकन एका खुर्चीत बसल्या. जीव भांड्यात पडला होता.

"मला आत नेताना नर्सनं विचारलं, घरचं बाईमाणूस कुणी आहे का सोबत?" समताला दम लागत होता. "मी म्हटलं, आई आहे ना. वाटेत आहे. आई, तिनं पुन्हा विचारलं, आत्ता इथे कोण आहे? मी पुन्हा तेच सांगितलं."