अध्यक्षांनी न विचारलेला प्रश्न

"या कादंबरीत ज्यूंना दिलेली एक शिवी दाखवा," एक्सपर्ट सर म्हणाले.

मला दाखवता येईना. शिवी नव्हतीच.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाऊस मात्र झाला नव्हता. नव्या कॉलेजात इंग्रजीच्या लेक्चररसाठी माझा इंटरव्ह्यू चालला होता. ही नोकरी हुकली की परत बिलोलीला जाऊन शिकवण्या घ्यायच्या. माझं एम.फिल. इंग्रजीत आलेल्या जर्मन कादंबऱ्यांतल्या अँटिसेमिटिझमवर, म्हणजे ज्यूंच्या द्वेषावर. बिलोलीच्या बाईला हे कुठून सुचलं, असं सगळ्यांचं विचारून झालं होतं.

"सर, लेखक शिवी देतच नाही. एक व्यापारी येतो. त्याचं नाक कसं, बोलणं कसं, राहतो कुठल्या गल्लीत, एवढंच सांगतो. वाचक ओळखतात, हा ज्यू, आणि त्याला लबाड धरून चालतात."

"हा तुमचा तर्क झाला. पुरावा?"

तेवढ्यात बाहेर टँकर आला. कॉलेजची पिंपं भरून घ्यायला प्रिन्सिपॉल धावले. एक्सपर्ट सर माझा प्रबंध चाळत बसले. संस्थेचे अध्यक्ष भला माणूस. मला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून बोलू लागले.

"बिलोलीकर लावता, पण मूळ आडनाव काय?"

"हेच लावतो आम्ही."

"गावात घर कोण्या अंगाला हाय?"

"ओढ्याकडं."

"सोयरे कुठले?"

"कंधारचे."

"लग्नाला भटजी व्हता का?"

मला एकदम हसू फुटलं. ते आवरेचना. इंटरव्ह्यूला आलेली बाई पदर तोंडाला लावून खिदळतेय हे कळत होतं, पण इतका आनंद झाला होता की नोकरीची भीतीच गेली.

"काय झालं?" एक्सपर्ट सरांनी मान वर केली.

"सर, पुरावा मिळाला. साहेबांनी एवढं सगळं विचारलं, पण जात एकदाही विचारली नाही. आम्ही बौद्ध, साहेब. सरळ विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

अध्यक्ष गोरेमोरे झाले. "अवो मॅडम, म्या तर सहज इचारलं."

"तो लेखकही सहजच लिहीत होता."

मग एक्सपर्ट सर चष्मा काढून हसायला लागले. त्यांच्या पाठोपाठ अध्यक्षही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "घ्या वो हिला," ते म्हणाले, "लई डेंजर बाई हाय." ओल्या पँटनं प्रिन्सिपॉल आत आले, तेव्हा माझी नेमणूक ठरली होती.

त्या कॉलेजातूनच मी रिटायर झाले. द्वेषाचे पुरावे शोधायला लायब्ररी लागतेच असं नाही. समोरच्याला निवांत बोलू द्यावं.