ओढ्याच्या पुलापर्यंतचा रस्ता

काल नात सायली भूमच्या शाळेपासून ओढ्याच्या पुलापर्यंत पळत जाऊन परत आली. मनगटावरचं घड्याळ पुढं करून म्हणाली, "आजोबा, तुम्ही हे जाऊन-येऊन दहा किलोमीटर म्हणत होता. हे तर साडेअकरा निघालं."

मी घड्याळावरचा आकडा पुन्हा वाचला.

चाळीसेक वर्षांपूर्वी, खेळाचा मास्तर म्हणून, याच रस्त्यावर मी जिल्हा स्पर्धेसाठी निवडीची शर्यत घेतली होती. अंतर एसटीच्या तिकिटाच्या टप्प्यावरून अंदाजानं धरलेलं. हबीब नावाचा पोरगा अनवाणी पळून पहिला आला. डांबरानं त्याचे तळवे काळे झाले होते. पण ठरलेल्या वेळेपेक्षा तीन मिनिटं जास्त लागली, म्हणून मी त्याचं नाव खोडलं.

"सर, रस्ता लई लांब हाय. एकदा मोजून बघा की."

"दमलेल्याला रस्ता लांबच वाटतो," मी म्हणालो. सगळे हसले. हबीब पुन्हा कधी पळाला नाही.

आजच्या पोरांकडं बूट आहेत, घड्याळं आहेत. त्याच्याकडं फक्त माझा शब्द होता.

संध्याकाळी त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला,

"मला ठाव हाय, सर. दुसऱ्याच दिवशी दोरीनं मोजला होता. तुम्हाला सांगायचा धीर झाला न्हाय."